शून्यापासून मोजायचं

बापाने हातोडीने आईचा जबडा फोडला तेव्हा पोरगी नऊ वर्षांची होती. बाप सुतार, घाव चुकायचा नाही. आई अजून एकाच बाजूने चावते. पुढच्याच वर्षी पोरीने शेजारच्या मुलीचं डोकं भिंतीवर आपटलं, आणि आई एवढंच म्हणाली, "बापावर गेलीस गं." ते जे जिव्हारी लागलं ते लागलंच.

म्हणून तर मोठी झाल्यावर या बाईसाहेबांनी कॉलेजात शिकायला हा विषय घेतला, संगणकावरचं रेणूंचं जीवशास्त्र. मॅडमनी पहिल्याच तासाला बजावलं होतं, "इथे बेडूक कापायला मिळणार नाही, आणि कुणाचं भविष्यही कळणार नाही. अक्षरं मोजायची, प्रोग्रॅम लिहायचे, आपल्याच चुका शोधत बसायचं. यापलीकडे अपेक्षा ठेवू नका." पण ऐकतंय कोण! हिला एकच जाणून घ्यायचं होतं: आपणही बापच होणार का?

प्रॅक्टिकलसाठी प्रत्येकाच्या गालातल्या पेशींमधलं एकेक जीन, म्हणजे डीएनएच्या अक्षरांची एक लांबलचक ओळ, प्रयोगशाळेतून वाचून आलं होतं. भडक डोक्याशी ज्याचं नातं असावं असं काही जण म्हणतात, ते हिने मुद्दाम मागून घेतलं. तीन अक्षरांचा एक शब्द, असं ते वाचायचं. हिचा प्रोग्रॅम वाचता वाचता मध्येच 'इथे थांबा' सांगणाऱ्या शब्दावर अडला. जीन तुटकं! तीन आठवडे पोरीला अन्न गोड लागलं नाही. पण खोटं कशाला बोला, आतून जरा हलकंही वाटलं होतं. दोष आपला नाही, त्या मेल्या अक्षरांचा.

हे तिने फक्त प्रॅक्टिकलमधल्या जोडीदाराला सांगितलं होतं. सगळे त्याला चष्मिष म्हणायचे, गणितातला किडा. एका दुपारी प्रॅक्टिकलला तो तिच्या स्क्रीनवर डोकावला आणि खो-खो हसत सुटला.

"हाच का तुझ्या बापाचा वारसा? अगं वेडे..."

पुढचं तिने ऐकलंच नाही. पाण्याची स्टीलची बाटली हातात होती. पहिला घाव दातांवर, दुसरा नाकावर. तो खुर्चीसकट आडवा झाला, तर ही छातीवर गुडघा रोवून बसली. तिसरा. चौथा. चष्म्याची काच भुवईत घुसली. पाचव्याला बाकीच्यांनी तिला ओढून काढलं.

कुणीतरी मॅडमना बोलवायला धावलं. चष्मिष टेबलाला धरून उठला, तोंडातलं रक्त बाहीला पुसलं आणि तिच्या प्रोग्रॅममधला एकच आकडा बदलला. दयेने नव्हे, संतापाने.

"तू एकापासून मोजलंस," फुटक्या ओठांतून शब्द नीट निघत नव्हते. "मशीन शून्यापासून मोजतं. पहिलं अक्षर सुटलं, पुढचे सगळे शब्द सरकले. हेच सांगत होतो मी! बघ आता, धडधाकट आहे तुझं जीन. काही बिघडलेलं नाही त्यात."

स्क्रीनवर जीन सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वाचलं गेलं होतं. तिने ते दोनदा पाहिलं. मग बाटली टाकून त्याच्याकडे हात केला, तर तो दचकून मागे सरकला, आई सरकायची तसा.

"परत तपास ना रे," ती हुंदके देत म्हणाली. "कुठेतरी तुटलेलं असेलच. पाया पडते तुझ्या, शोध!"