कपाटाला बोटं नसतात

चहाचा कप फुटलाही नव्हता. नुसता हिंदकळला आणि शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांच्या पांढऱ्या बाहीवर चार थेंब उडाले. एवढ्यावर त्यांनी मामांच्या थोबाडीत ठेवून दिली.

शिक्षकांच्या खोलीत मधली सुट्टी चालू होती. कुणाच्या हातात घास होता, कुणी वह्या तपासत होतं. आवाज झाला तसे सगळे थांबले. मग जो तो आपल्या डब्यात असा काही बघू लागला, की जणू भाजीत काहीतरी हरवलंय. अध्यक्ष बाही झटकत म्हणाले, "हात थरथरत असतील तर घरी बसा म्हणावं." आणि निघून गेले. मामांनी ट्रे उचलला, फडक्याने टेबल पुसलं आणि तेही गेले. मामा म्हणजे शाळेचे शिपाई. मिशा पांढऱ्या झालेल्या, आणि आज शाळेत शिकवणाऱ्या दोघांना त्यांनी लहानपणी घंटा वाजवून वर्गात हाकललेलं.

अगदी शेजारच्या खुर्चीत तोफसर बसले होते. इतिहास शिकवायचे, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. किल्ला लढवणारे मूठभर शिपाई त्यांनी सांगायला घेतले, की शेवटच्या बाकावरच्या पोरांच्याही अंगावर काटा यायचा. तोफसरांनी घसा खाकरला. सगळ्यांनी वर बघितलं.

"आज चहा जरा गोडच होता," ते म्हणाले.

खिडकीजवळ शिवणाच्या बाई बसल्या होत्या. मुली त्यांना टाचणीबाई म्हणायच्या, कारण त्यांच्या खांद्याजवळ कायम पाच-सहा टाचण्या टोचलेल्या असत. बाई भित्र्या होत्या. रस्ता ओलांडताना अनोळखी माणसाच्या मागे लपून जायच्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, हाक मारली की आपलं काय चुकलं हे आधी आठवू लागायच्या. त्या दिवशीही त्या काही बोलल्या नाहीत. फक्त हातातला घास त्यांनी डब्यात परत ठेवला.

गोष्ट तिथेच मिटली असती. पण व्हरांड्यातून दोन मुलींनी पाहिलं होतं. मुलींनी घरी सांगितलं, एका पालकाने येऊन आरडाओरडा केला, आणि मोठ्या बाईंना चौकशीचं नाटक करणं भाग पडलं. एकेकाला आत बोलावलं. जो तो आत जाई आणि चेहऱ्यावर काही झालंच नसल्याचा भाव घेऊन बाहेर येई. कुणी तेव्हा पाठमोरं होतं, कुणाचा चष्मा पुसायला काढलेला होता. तोफसर तर म्हणे हात धुवायला गेले होते.

बाईंचा नंबर सगळ्यात शेवटी आला.

"बसा. दोन मिनिटांचं काम आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्ही काही पाहिलं नाही ना?"

"पाहिलं."

"काय?"

"अध्यक्षांनी मामांना मारलं." बाईंचा आवाज इतका बारीक होता, की मोठ्या बाईंनी पुढे वाकून पुन्हा विचारलं. बाईंनी पुन्हा सांगितलं.

"अहो, मामा स्वतः आत्ता सांगून गेले, पाय घसरला आणि गाल कपाटावर आपटला."

बाई एकदम तापल्या. एवढा राग आपल्यात आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"मोठ्या बाई, मी त्यांचा गाल पाहिलाय. कपाटाला पाच बोटं नसतात."

"विचार करून बोला. तुमचं एकटीचं म्हणणं राहील."

"राहू दे."

घरी नवऱ्याने कपाळाला हात लावला. "अगं, ज्याने मार खाल्ला तो म्हणतो, खाल्लाच नाही. मग तू कोण मधे?"

"मी बघणारी."

"बघणारे बाकीचेही होतेच की."

"तेच तर म्हणते मी!" बाईंनी हातातलं पातेलं आदळलं. इतक्या वर्षांच्या संसारात या घरात पातेलं आदळायचं काम नवऱ्याचंच होतं.

चौकशीत दोष कपाटावर गेला. पुढच्या महिन्यात वेळापत्रकातून शिवण गेलं. 'हल्ली शिवण शिकतं कोण?' असं कारण पुढे आलं. यंत्रं अडगळीच्या खोलीत गेली, आणि ज्या वर्गावर शिक्षक नसेल तिथे मुलांना गप्प बसवायचं काम बाईंकडे आलं. कुणी काही वाईट बोललं नाही. त्यांनी डबा उघडला की शेजारच्यांना काहीतरी काम आठवायचं, एवढंच. तोफसरांनी मात्र एकदा जिन्यात गाठून समजूत घातली.

"बाई, प्रत्येक लढाई लढायची नसते. इतिहासात माघारीलाही मोल आहे."

बाईंना उत्तर सुचलं ते नेहमीसारखं घरी, भांडी घासताना. माघार घ्यायला माणूस आधी पुढे गेलेला असावा लागतो. त्यांनी नळ बंद केला आणि ते वाक्य रिकाम्या स्वयंपाकघराला मोठ्याने म्हणून दाखवलं.

पण सगळ्यात वर्मी लागलं ते मामांचं बोलणं. बाई अडगळीच्या खोलीत यंत्रांना तेल घालत होत्या, तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं, बाई?"

"मी तुमच्या बाजूने बोलले, मामा."

"माझ्या बाजूने!" मामा म्हणाले. "घरी नातीला मी सांगितलं होतं, कपाट लागलं म्हणून. तिने फुंकर घातली, विषय संपला. पोरींचं कुणी खरं मानलं नसतं; तुम्ही बोललात आणि गावभर झालं. आता ती विचारते, आजोबा, तुम्ही त्यांना परत का नाही मारलं? काय सांगू तिला?"

बाईंच्या हातातली तेलाची कुपी तशीच राहिली. हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"मग मी काय म्हणायचं होतं? कपाट?" त्यांनी विचारलं. "मामा, मी तिथे होते. माझ्या डोळ्यांदेखत झालं. तुमची नोकरी आहे, तुम्ही नाही म्हणालात, मला कळतं. पण मोठ्या बाईंनी मला खोटारडी ठरवलं, आणि त्याला साक्ष तुमची घेतली. हेही तुम्हीच घरी सांगा."

मामा निघून गेले.

वर्षअखेरीस बक्षीस समारंभ आला. यंदाचा विषय होता शौर्य. शिवण बंद झालं होतं, तरी पुठ्ठ्याच्या तलवारी घेऊन नाचणाऱ्या वीरांचे अंगरखे शिवायला बाईच लागल्या. अंगरख्यांना तेवढं शिवण चालत होतं. त्यांनी ते शिवले, काठ नीट दुमडून, कारण पोरांचा काही दोष नव्हता.

सभागृह भरलं होतं. बाईंच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या तेवढ्या रिकाम्या होत्या. मंचावर तोफसर रंगात आले होते. "शूर तोच, जो अन्यायापुढे मान तुकवत नाही!" असं म्हणून त्यांनी मूठ हवेत उगारली, आणि नेमके तेव्हाच अध्यक्ष दारातून आत आले. तोफसरांची मूठ तिथल्या तिथे उलगडली आणि तिच्या टाळ्या झाल्या. सगळं सभागृह उठून उभं राहिलं.

बाई उठल्या नाहीत.

आपण उठणार नाही, असं काही त्यांनी ठरवलेलं नव्हतं. उठायची वेळ आली आणि त्या बसून राहिल्या. पुढच्या रांगेतल्या मोठ्या बाई मागे वळून हाताने खुणावत होत्या, उठा, उठा. बाईंनी दोन्ही हातांनी खुर्चीची कड घट्ट धरली. भोवती नुसत्या पाठी आणि टाळ्या.

दाराशी मामा उभे होते, दार धरून. अध्यक्ष त्यांच्याकडे न बघता पुढे गेले. मामांनी दार हळूच लोटलं. मग ते भिंतीकडेने चालत आले, उभ्या माणसांतून वाट काढत बाईंच्या रांगेत शिरले, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले. पाठ ताठ आणि हात मांडीवर.

टाळ्या चालूच होत्या. काही माना त्यांच्याकडे वळल्या.

मामा समोरच बघत हळू म्हणाले, "कुणी विचारलंच, तर गुडघे दुखतात म्हणून सांगू, बाई."

बाईंनी खुर्चीची कड सोडली आणि हात मांडीवर घेतले.

"माझे नाही दुखत," त्या म्हणाल्या.

मामांनी जरा विचार केला.

"माझेही तसे बरे आहेत," ते म्हणाले.