शंभुराजचे रविवार

"पान्याची बाटली एकच घे," शंभुराज मोटरसायकलच्या सीटवरची धूळ पुसत म्हणाला. "नंदूपुरती."

त्याच्या बायकोनं, महेश्वरीनं, भरलेली दुसरी बाटली माठात परत ओतली. तिला राग आला होता. पण त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टरांनी त्याला दिवसाला इतकं कमी पाणी सांगितलं होतं, की ते बाटलीत नाही, पेल्यातच मोजावं लागे. परभणीचा चैत्र, सकाळी नऊलाच अंगण तापलेलं, आणि हा माणूस लेकराला घेऊन गंगेवर निघालेला. गोदावरीला त्यांच्याकडं गंगाच म्हणतात.

नंदू, म्हणजे राजनंदिनी, पाच वर्षांची. ती कधीचीच चपला घालून मोटरसायकलच्या टाकीवर चढून बसली होती.

ताडकळसात शंभुराजला सगळे मशीनवाला म्हणून ओळखत. शिलाई मशीन दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. बाजाराच्या दिवशी तो कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसे आणि बाकीचे दिवस गावोगाव फिरे. एखाद्या बाईचं मशीन अडलं की तो डोळे मिटून चाक हळूहळू फिरवायचा, कान लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "हितं धरायलंय." बहुतेक वेळा तिथंच धरलेलं असे. नंदू झाली तेव्हापासून त्यानं एक नियम केला होता. कुणाचंही मशीन अडो, रविवारी काम नाही. रविवारी तिघांनी कुठंतरी जायचं. लांब नाही, पेट्रोल परवडेल एवढंच. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या झाडांखाली, नाहीतर पूर्णा स्टेशनवर गाड्या बघायला, नाहीतर गंगेच्या वाळूत. दशम्या, मिरचीचा ठेचा आणि दही घरूनच न्यायचं. हॉटेलात गेल्याचं महेश्वरीला आठवत नव्हतं, आणि कमी पडल्याचंही आठवत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या पायांवर सूज आली. बीपी होतं, ते कुणाला माहीतच नव्हतं. दोन्ही किडन्या गेल्या आहेत असं कळलं तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. त्याची आई गौराबाई पुढं झाली, "माझी घ्या," म्हणाली. तपासणीत तिलाच साखर निघाली. त्या दिवसापासून तिनं चहात साखर घालणं बंद केलं. आता उपयोग नव्हता तरी. महेश्वरीचा रक्तगट जुळला नाही. मग मंगळवार आणि शुक्रवार परभणीच्या दवाखान्यात डायलिसिस. बाकीच्या दिवसांत जमेल तेवढं काम. आणि रविवार होता तसाच ठेवलेला.

त्या दिवशी गंगेच्या काठावर बाभळीखाली ते बसले. पाणी पार पलीकडच्या काठाला सरकलेलं, अलीकडं नुसती वाळू. नंदूनं खड्डा खोदला, त्यात हाताला ओल लागली तेव्हा ती आनंदानं बापाकडं बघायला लागली. मग धावत आली आणि तिनं बाटली त्याच्या तोंडापुढं धरली.

"पप्पा, पी की."

शंभुराजनं बोट ओलं केलं, ओठांवरून फिरवलं आणि बाटली परत दिली. "पिलो."

"एवढंसं?"

"मला एवढंच लागतं."

नंदू त्याच्या डाव्या हाताशी बसली आणि तिनं मनगटाच्या वर कान टेकवला. डायलिसिससाठी तिथली नस जोडलेली होती, त्यामुळं रक्त जोरात वाहायचं आणि कान लावला की घर्र असा आवाज यायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा आवाज रोज यायला पाहिजे.

"चालू हाय का?" शंभुराजनं विचारलं.

"चालू हाय," नंदू म्हणाली.

महेश्वरीनं दुसरीकडं पाहिलं. नवऱ्याचा चेहरा चूल सारवायच्या पोताऱ्यासारखा काळवंडला होता, आणि ऊन अजून चढायचं होतं.

घरी आल्यावर तो आडवा झाला तो दिवेलागणीलाच उठला. महेश्वरीनं भात चुलीवरून उतरवला आणि मनातलं बोलून टाकलं.

"रविवारी तरी पडून राहावं मानसानं."

"मंगळवारी पडून, शुक्रवारी पडून. अजून किती पडू?"

"रस्त्यात तुमाला काई झालं, तर लेकराला घिऊन मी काय करायचं? सांगा की. तुमाला तिची फिकर न्हाई का?"

गौराबाई सुपात ज्वारी घेऊन बसली होती. तिचा हात थांबला.

शंभुराज म्हणाला, "महे, ती पाच वर्षांची हाय. तिच्या ध्यानात माझं काय ऱ्हाईल? मी खाटंवरचाच ऱ्हाऊ का तिच्या ध्यानात?"

महेश्वरीनं भाताच्या भांड्यावर झाकण आपटलं. तिचा राग गेला नाही.

पुढच्या रविवारी ती उठली, आणि तिनं डबा केला नाही. "मी येत न्हाई," म्हणाली. "तुमाला जायचं तर जा."

तिला वाटलं होतं, तो थांबेल. तो तिच्याकडं बघत उभा राहिला, मग आत जाऊन रात्रीच्या दोन भाकरी त्यानं फडक्यात बांधल्या आणि नंदूला पुढं बसवून निघून गेला. महेश्वरीनं घरातल्या सगळ्या वाकळी काढल्या आणि आडावर नेऊन धोपटत बसली.

दुपारी फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"मी पूर्ण्याहून रंगनाथ बोलायलोय," पलीकडचा माणूस म्हणाला. "हितं स्टेशनवर भजे इकतो. घाबरू नका. तुमच्या मालकाला जरा भोवळ आलीय. या तुमी."

शेजारच्या सटवाजीनं रिक्षा काढली. पूर्णेपर्यंतचा रस्ता तिला आयुष्यात एवढा लांब कधी वाटला नव्हता. प्लॅटफॉर्मवरच्या बाकड्यावर शंभुराज आडवा पडलेला होता, कपाळावर ओलं फडकं. डोळे उघडे होते. पायाशी नंदू बसलेली, बापाच्या दोन्ही चपला तिनं छातीशी धरल्या होत्या.

"मम्मी, मी रडले न्हाई," ती म्हणाली.

रंगनाथ पन्नाशीचा, पांढरी मिशी, हाताला पिठाचे वाळलेले डाग. तो महेश्वरीला बाजूला घेऊन म्हणाला, "रुळांवरचा दादरा उतरता उतरता खाली बसले बगा. पोरीनंच मला बोलावलं. मी तांब्या घिऊन गेलो, तर हिनं तांब्याच धरला माझा. म्हनली, माझ्या पप्पाला लय पानी देऊ नका, त्यांना चालत न्हाई. तोंड पुसा निसतं." त्यानं नंदूकडं पाहिलं. "एवढंसं लेकरू. आमी तर घागर रिकामी केली असती."

महेश्वरीनं मान हलवली. नंदूच्या हातातून चपला घेतल्या आणि वाकून त्याच्या पायांत घातल्या. त्याला विचारायचं बरंच होतं, पण नंदू बघत होती.

त्या दिवसानंतर मोटरसायकल पडवीत लागली ती लागलीच. नंतर विकली. आठवड्यात डायलिसिस दोनदाचं तीनदा झालं. पण रविवारी सकाळी महेश्वरी आता स्वतःहून दशम्या करायला बसे.

पहिल्यांदा ते गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत चालत गेले. पावसाळा लागला, तळ्याला पाणी आलं, नंदूनं बगळे मोजले, सातच्या पुढं तिला येत नव्हतं म्हणून पुन्हा एकपासून मोजले. मग तळं लांब पडायला लागलं. मग बाजारतळ. रविवारी तिथं चिटपाखरू नसे. नंदू मोकळ्या ओट्यांवरून उड्या मारे आणि शंभुराज एका ओट्यावर बसून दुकानदार होई.

"बोला बाई, काय पाह्यजे?"

"वांगे द्या."

"वांगे संपले. हत्ती हाय. देऊ का?"

नंदू हसून हसून खाली बसे. महेश्वरी हसे, आणि हसताना त्याच्या सुजलेल्या पावलांकडं बघे.

पोळा झाला तोवर बाजारतळही लांब पडला. मग गल्लीच्या टोकाचं महादेवाचं देऊळ. घरापासून चाळीस पावलं असतील. गौराबाई एक खुर्ची घेऊन मागून चाले; वाटेत एकदा ती मांडावी लागे. पण डबा फडक्यात बांधलेला असे, नंदूच्या पायांत चपला असत, वेणीला रिबीन असे. देवळाच्या ओट्यावर चौघं जेवायला बसले की शेजारची नर्मदाबाई दारातून विचारी, "अगं माय, घर सोडून हितं कामून जेवायलाव?"

"आमी फिरायला आलाव," नंदू सांगे.

नर्मदाबाईनं पहिल्यांदा थट्टा केली. नंतरच्या रविवारी तिनं वाटीभर शेंगदाण्याची चटणी आणून ओट्यावर ठेवली.

शेवटी गच्ची राहिली. सटवाजीनं त्याला पाठीमागून धरून वर चढवलं, तेरा पायऱ्या चढायला बराच वेळ लागला. वर चादर अंथरली. नवरात्राच्या आधीचे दिवस होते, सोयाबीन काढायला आलेलं, सगळ्या शिवारावर पिवळट रंग. नंदू कठड्यापाशी उभी राहून रस्त्यावरची माणसं बघत होती, ओळखीचं कुणी दिसलं की हात हलवत होती.

"महे," शंभुराज हळूच म्हणाला. "त्या दिवशी तू आमच्या संगं पूर्ण्याला आली न्हाईस."

महेश्वरी डब्याचं झाकण पुसत होती. सहा महिने ती या वाक्याची वाट बघत होती.

"न्हाई आले," ती म्हणाली.

"बरं झालं."

तिनं वर पाहिलं.

"तू आली असतीस तर मला दादऱ्यावर चढू दिलं नसतंस. नंदूला लय दिवसांचं वरून गाडी बघायचं होतं. आमी वर उभे होतो आन् खालून गाडी गेली. डब्यांचे टप बघून ती म्हनली, पप्पा, गाडीला पाठ बी असती." त्याला दम लागला, तो थांबला. "म्हून म्हनलं. मनात ठेवू नको काई."

महेश्वरीनं झाकण पुन्हा पुसलं. ते केव्हाच कोरडं झालं होतं.

तो गेला गुरुवारी सकाळी. दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. गौराबाईनं अर्धा कप चहा दिला, त्यानं दोन घोट घेतले, कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकला. बस, एवढंच झालं.

त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणं त्याला अंघोळ घातली, कपाळभर विभूती लावली, गळ्यातलं इष्टलिंग तसंच ठेवलं आणि झेंडूच्या माळांनी सजवलेल्या विमानात, म्हणजे बांबूच्या डोलीत, बसवलं. मांडी घालून, ताठ. जंगम स्वामी मंत्र म्हणत होते. नंदू सगळ्यांच्या पायांमधून पुढं आली आणि बघत राहिली.

"पप्पा बसलेत," ती आजीला म्हणाली. "मग बोलत कामून न्हाईत?"

गौराबाईनं तिला मांडीवर ओढून घेतलं. माणसांनी विमान उचललं. महेश्वरी चौकटीला धरून उभी होती. विमान गल्लीच्या वळणावर जाईपर्यंत त्याचं डोकं सगळ्यांच्या वर दिसत राहिलं.

दिवस गेले. महेश्वरीनं घरात फॉल-पिकोचं मशीन मांडलं, ब्लाऊजही शिवायला घेतले. मशीन अडलं की तिला चाकाला हात लावणं नको वाटे; ते नर्मदाबाईचा भाचा येऊन बघून जाई. नंदू शाळेत जायला लागली. घरात बापाचं नाव ती स्वतःहून काढत नसे. पण रविवारी ती सगळ्यांच्या आधी उठे, स्वतःची स्वतः तोंड धुई, चपला घाली आणि उंबऱ्यावर जाऊन बसे. काही मागत नसे. बसून राही. उन्हं उंबऱ्यावर आली की चपला काढून आत येई.

महेश्वरीला ते दिसत होतं. ती मान खाली घालून शिवत राही. असे किती रविवार गेले कुणास ठाऊक.

एका रविवारी गौराबाई तिच्या मशीनसमोर येऊन उभी राहिली आणि तिनं कापडावर हात ठेवला.

"घिऊन जा की तिला कुठं."

"मला गाडी कुठं चालवाया येती, आत्या?"

"एष्टी हाय की. मी घर बघते. जा."

महेश्वरीनं दशम्या केल्या. तव्यावर दशमी उलटताना तिच्या लक्षात आलं की पीठ जास्त मळलं आहे. तिनं उरलेल्या पिठाच्याही दशम्या केल्या आणि त्या गौराबाईसाठी झाकून ठेवल्या.

पालमकडं जाणारी गाडी अर्ध्या तासानं आली. आत गर्दी नव्हती. नंदूनं खिडकी धरली. बराच वेळ ती बाहेर बघत होती, मग म्हणाली, "मम्मी, एष्टीतून लय उंचावरून दिसतंय."

"हं."

"कुठं चाललाव आपुन?"

"गंगेच्या पुलापाशी उतरू. पानी हाय का बघू. मग जेवू."

कंडक्टर आला. तरुण पोरगा, कानावर पेन. "कुठं?"

महेश्वरीनं पुलाजवळचं गाव सांगितलं.

"लेकराचं वय?"

"सा पूर्ण झालेत."

"म्हंजे लेकराचं हाफ. आन् बायांना हाफच हाय आता, तुमचं बी हाफ." त्यानं यंत्राची बटणं दाबली आणि मागच्या सीटकडं नजर टाकली. "फुल कुणी हाय का संगं?"

गाडी खड्ड्यातून गेली. महेश्वरीनं पुढच्या सीटची दांडी धरली.

"न्हाई," ती म्हणाली. "दोगीच हाव."

यंत्रातून दोन तिकिटं निघाली. कंडक्टरनं ती नंदूच्या हातात दिली आणि तो पुढं गेला. नंदूनं दोन्ही तिकिटं मांडीवर ठेवून हातानं सरळ केली, उलटून पाहिली. एक स्वतःच्या मुठीत घट्ट धरलं. दुसरं आईच्या हातात दिलं आणि तिची बोटं एकेक करून त्यावर मिटवली.

"हे तुझं," ती म्हणाली. "हारवू नको."