तुम्ही व्हा पुढे

अण्णा गेले तरी घरातली कवायत चालूच राहिली. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळचा चहा झाला की त्यांचा मुलगा खुंटीवरची शिट्टी काढायचा आणि दारात उभा राहून गाल फुगवून फुंकायचा. मग घरातली माणसं आपापली वस्तू उचलून गल्लीच्या टोकाच्या मोठ्या झाडाखाली जाऊन उभी राहायची. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा थांबवून ओरडायचा, "निघाली का वरात? आज कुठे लागली आग?"

"तुझ्या जिभेला!" अण्णांच्या पत्नी माई जाता जाता उत्तर द्यायच्या.

ही सगळी अण्णांची करणी. त्यांची उभी हयात अग्निशमन दलात गेली. जळत्या घरातून माणसं काय घेऊन बाहेर येतात ते त्यांनी पाहिलं होतं. एक बाई उशी छातीशी धरून आली होती, बाळ आत पाळण्यात. एक सद्गृहस्थ पिंजरा घेऊन धावत आले होते आणि पिंजरा रिकामा होता. "घाबरलेल्या माणसाचे हात वेडे असतात," अण्णा म्हणायचे, "त्यांना आधीच काम नेमून द्यावं लागतं." म्हणून त्यांनी कामं नेमली. मुलाकडे कागदांची पिशवी. सुनेकडे नात, म्हणजे चिमणी. चिमणीकडे विजेरी आणि तिचे स्वतःचे बूट. माईंकडे औषधांचा डबा आणि शाल.

अण्णांकडे वस्तू नव्हती. त्यांनी सगळ्यांत शेवटी निघायचं. गॅस बंद करायचा, मेन स्विच खाली ओढायचा, प्रत्येक खोलीत डोकावून तिचं दार लावून घ्यायचं आणि मग बाहेर यायचं. आग लागली की बंद दार तिला थोपवून धरतं, उघडं दार तिला या बसा म्हणतं, हे त्यांचं नेहमीचं सांगणं. शिट्टी झाली की ते स्वयंपाकघराकडे वळत म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे, मी दार लावून येतो."

आणि गायचे. आवाज खडा, सभामंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचेल असा. देवाचं कुठलंसं पद चालू असायचं, आणि झाडाखाली उभं राहून नुसत्या आवाजावरून कळायचं, आता स्वयंपाकघर झालं, आता मधली खोली, आता पुढची. मग कडीचा आवाज. मग पद थांबायचं आणि अण्णा पायरीवर दिसायचे. माईंना लग्नाला इतकी वर्षं झाल्यावरही त्या क्षणी जरा बरं वाटायचं. आगीचं सोंग असलं तरी माणूस परत आल्याचं सुख काही सोंग नसतं.

विमासुद्धा त्यांनीच उतरवला होता, घराचा आणि सामानाचा. त्यावरून माई त्यांना टोचायच्या. "दर वर्षी हप्ता भरता, ती कंपनी आपल्याला देते काय? एक कॅलेंडर. एवढं महागाचं कॅलेंडर राजाच्या घरीही नसेल."

"वसूल होऊ नये म्हणूनच भरायचा असतो तो," अण्णा हसायचे.

"मग देवावर भरवसा नाही का तुमचा?"

"आहे ना. पण भरवसा आहे म्हणून त्या एकट्यालाच कामाला जुंपायचं? त्यालाही हाताखाली कोणी नको का?"

दर वर्षी विम्याचं नूतनीकरण झालं की ते घरातलं प्रत्येक कपाट उघडून त्याचा फोटो काढायचे. माणसांचे फोटो मात्र कधी धड काढले नाहीत. सूनबाई म्हणायची, "अण्णा, आमच्यापेक्षा तुमच्या मिक्सरचे फोटो जास्त आहेत."

शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात भेटीची वेळ संपली तेव्हाही त्यांनी तेच म्हटलं. माई दाराशी घुटमळत उभ्या होत्या. अण्णा म्हणाले, "तू हो पुढे. मी येतोच." माई पुढे झाल्या. ते आले नाहीत.

त्यानंतरच्या पहिल्या कवायतीला सगळे झाडाखाली जमल्यावर मुलगा म्हणाला, "माई, आता शेवटचं काम मी घेऊ का?"

"तुझ्याकडे कागद आहेत."

"मग कोणी तरी—"

"ते त्यांचं काम आहे," माई म्हणाल्या. "थांबा जरा. दार लावून येतील."

सगळे घराकडे बघत उभे राहिले. घराचं दार सताड उघडं. थोड्या वेळाने माई शाल सावरत म्हणाल्या, "चला." आणि मग तीच रीत पडली. दर वेळी झाडाखाली जायचं, अण्णा दार लावून येतील इतका वेळ थांबायचं आणि परत यायचं. माईंना महिनाभर त्या थांबण्याची ओढ लागून राहायची. तेवढ्या वेळात घर रिकामं नसायचं.

सूनबाईला हे खटकायचं. ती शाळेची व्हॅन चालवायची. शेवटचं पोर उतरलं तरी ती गाडीला कुलूप लावत नसे. आधी वाकून प्रत्येक सीटखाली पाहायची, मागच्या बाकापर्यंत जायची. एखादं लेकरू दप्तराला टेकून झोपलेलं असतं, हे ती अनुभवाने शिकली होती. एकदा ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, आपली कवायत अर्धीच होते."

"माहीत आहे गं," तो म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. स्वभावानेही तसाच, काही ओरखडा पडू नये म्हणून जपणारा. "पण माईंना कोण सांगणार?"

कोणीच सांगितलं नाही.

आणि मग एका दुपारी खरंच आग लागली. फ्रिजमागच्या वायरीने पेट घेतला. स्वयंपाकघरातून आधी प्लास्टिक जळाल्याचा वास आला, मग पडदा भडकला. मुलाने शिट्टी शोधलीही नाही, नुसता "निघा!" म्हणून ओरडला. आणि काय सांगावं, सगळ्यांचे हात शहाण्यासारखे वागले. कागदांची पिशवी निघाली, औषधांचा डबा निघाला, चिमणी बूट हातात घेऊन आईच्या कडेवर निघाली. धक्काबुक्की नाही, रडारड नाही. क्षणात सगळे झाडाखाली. सूनबाईने फोन लावून अग्निशमन दलाला पत्ता सांगितला.

आणि मग ते थांबले.

सवयच होती. सगळ्यांची तोंडं घराकडे. चिमणीने विचारलं, "आता अण्णाआजोबा दार लावणार ना?"

तेव्हा माईंच्या लक्षात आलं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. मधल्या खोलीचं उघडं, पुढचं उघडं. धूर एकेक खोली ओलांडत, कोणी हात धरून आणावा तसा पुढच्या दारापर्यंत आला होता. मुलगा घराकडे धावला. सूनबाईने एका हाताने पोर धरलं होतं, दुसऱ्या हाताने त्याची कॉलर पकडली.

"सोड! गॅस चालू आहे!"

"आत जायचं नाही. बाहेर आलेल्याने परत आत जायचं नाही, हे अण्णांनीच सांगितलंय."

न्हावी वस्तरा टाकून धावत आला होता. आज त्याच्या तोंडून थट्टा फुटली नाही. त्याने गॅसच्या नळीची भिंतीबाहेरची तोटी फिरवून बंद केली आणि बंब येईपर्यंत तो माईंचा हात धरून उभा राहिला. देवाची दया म्हणायची, माणसाच्या केसालाही धक्का लागला नाही. पण स्वयंपाकघर गेलं, मधली खोली गेली, आणि पुढची खोली काळी ठिक्कर पडली.

विमा कंपनीचा पाहणी अधिकारी आला. गोल चेहऱ्याचा, नाकावर रुमाल धरलेला. मुलाने पिशवीतले कागद आणि फोटो पुढे ठेवले. अधिकाऱ्याने फोटो पाहिले आणि रुमाल बाजूला केला. "एवढी तयारी मी अजून पाहिली नाही. लोक म्हणतात, साहेब, खूप काही होतं हो, आणि पुढे काय होतं ते त्यांना आठवत नाही." मग त्याने एक फोटो वर धरला. "पण प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात हे काय आहे? हा अंगठा कोणाचा?"

सूनबाईला हसू फुटलं. मुलगाही हसला. माईंनी फोटो हातात घेतला. कपाट, कपाटात ताटल्या, आणि कोपऱ्यात अण्णांचा अंगठा, नखाजवळ भाजल्याचा जुना पांढरा डाग असलेला. मिक्सरच्या फोटोत तोच, शिवणयंत्राच्या फोटोत तोच. "हे, साहेब," माई म्हणाल्या, "आमच्याकडचं सगळ्यात मोठं सामान. याची भरपाई लिहू नका तुम्ही."

अधिकारी सज्जन होता. त्याने चष्मा पुसला. जाताना पायरीवर थांबून तो मुलाला हळूच म्हणाला, "स्वयंपाकघराचं दार लावलं असतं ना, तर आग तिथेच राहिली असती. भरपाई मिळेल, त्याची काळजी नको. सांगावंसं वाटलं एवढंच."

माईंनी ते ऐकलं.

कंपनीने दुरुस्ती होईपर्यंत राहायला भाड्याच्या दोन खोल्या दिल्या. त्यासाठीही अण्णांनी पॉलिसीत सोय करून ठेवली होती. उसनवारी करावी लागली नाही, नातेवाइकांच्या दारात गाठोडी घेऊन उभं राहावं लागलं नाही. तिथून माई रोज सकाळी जळक्या घरी जायच्या. सगळ्यांना वाटायचं, कामावर नजर ठेवायला जातात. खरी गोष्ट वेगळी होती.

पहिल्या दिवशी त्या आत शिरल्या आणि जागीच थबकल्या. घराला अण्णांचा वास येत होता. अण्णा ड्यूटीवरून आले की कितीही साबण लावून अंघोळ करोत, केसांत, मानेच्या घडीत तो धूर राहायचाच. उशीलाही लागायचा. नव्या संसारात माईंनी नाक मुरडलं होतं. पुढे तो नसला की त्यांना झोप यायची नाही. ते गेल्यावर उशी धुतली आणि वास गेला, तेव्हापासून माई तो शोधत होत्या. आता तो भिंतीभिंतीतून येत होता. त्या मधल्या खोलीत पालथ्या बादलीवर बसल्या आणि डोळे मिटून श्वास घेत राहिल्या. एखाद्या बाईला सासरी माहेरचं माणूस भेटावं तशा.

रंगारी आला तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढ्यात नको."

"आजी, आधी भिंती घासून धुवाव्या लागतील. काजळी राहिली तर वरून कितीही रंग मारा, वास येतच राहणार."

"येऊ दे की."

रंगारी बुचकळ्यात पडून परत गेला. पुन्हा आला, पुन्हा परत गेला. शेवटी एका संध्याकाळी सूनबाई चिमणीला घेऊन तिथे आली. चिमणी खोलीत शिरताच खोकायला लागली. खोकून खोकून तिचे डोळे लाल झाले. सूनबाईने तिला बाहेरच्या ओट्यावर नेऊन बसवलं, पाणी पाजलं आणि एकटीच आत आली.

"माई, मला कळतं तुम्ही इथे का बसता," ती म्हणाली. "अण्णा घरी आले की मलाही दारातून कळायचं."

माईंनी तिच्याकडे पाहिलं.

"पण ते स्वतः आधी अंघोळ करायचे. त्याशिवाय कधी चिमणीला उचललं नाही त्यांनी."

बाहेरून खोकला ऐकू येत होता. माई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "त्या रंगाऱ्याला म्हणावं, उद्या ये. आणि नीट घासायला सांग. कोपऱ्यातसुद्धा."

घर पांढरंशुभ्र झालं. नवी वायर आली, नवा फ्रिज आला; सूनबाईने त्याचा फोटो काढला, आणि काढताना मुद्दाम अंगठा कोपऱ्यात धरला. महिन्याचा पहिला रविवार उजाडला. मुलाने नवी शिट्टी फुंकली. सगळे आपापल्या वस्तू घेऊन निघाले. माईंनी मात्र शाल आणि औषधांचा डबा मुलाच्या हातात कोंबला.

"हे काय, माई?"

"तुम्ही व्हा पुढे," माई म्हणाल्या. "मी दार लावून येते."

"तुमचे गुडघे—" सूनबाई म्हणाली.

"एकदाच. व्हा म्हणते ना पुढे!"

त्या स्वयंपाकघरात गेल्या. गॅसची कळ फिरवली, स्विच ओढला, दार लावलं. मधल्या खोलीत डोकावल्या. पलंगाखाली पाहिलं. दार लावलं. घराला रंगाचा वास येत होता, दुसरा कुठलाच वास नव्हता. पुढच्या खोलीत आल्यावर खिडकीतून त्यांना झाड दिसलं. झाडाखाली मुलगा दोन्ही हात भरलेला, सून, तिला बिलगलेली चिमणी, आणि मागे उगाच येऊन उभा राहिलेला न्हावी. सगळे या घराकडे डोळे लावून उभे. इतकी वर्षं अण्णांना हे दिसत होतं तर. रिकाम्या घरातून, जाता जाता, आपली सगळी माणसं बाहेर सुखरूप उभी. गाणं का सुचायचं ते त्यांना आत्ता कळलं.

त्या कडी लावून पायरीवर आल्या आणि सावकाश झाडापर्यंत गेल्या.

"आजी, तू गात होतीस," चिमणी म्हणाली.

"मी? छे गं."

"गात होतीस. आम्हाला इथपर्यंत ऐकू आलं."

न्हावी म्हणाला, "सूर जरा घसरत होता, पण होत्या गात."

"तुझ्या वस्तऱ्यापेक्षा कमीच घसरतो." माईंनी डोळ्यांना पदर लावला आणि सुनेकडे वळल्या. "पुढच्या वेळेपासून हे काम तुझं. गाडीत बघतेस ना मागच्या बाकापर्यंत, तसं बघायचं. चिमणी माझा हात धरेल."

सूनबाईने मान हलवली. "पण माई, मला गाता येत नाही."

"येईल," माई म्हणाल्या. शाल खांद्यावर घेताना त्यांनी एकदा घराकडे पाहिलं. दार नीट लागलेलं होतं. तरीही त्या क्षणभर थांबल्या. त्या थांबल्या म्हणून बाकीचेही थांबले.