विचारून काढलेला फोटो

आप्पासोंनी जीपमधून पाय खाली टाकला तो थेट ओल्या सड्यात. त्यांनी बूट उचलून तळवा पाहिला, मग समोर पाहिलं. आटपाडीच्या कोरड्याठाक माळावर, मेंढरं राखणाऱ्या बनाबाईच्या घरापासून पार रस्त्यापर्यंत पाणी शिंपडलेलं होतं. कडेला रांगोळीची चार ठिपक्यांची फुलं.

"धूळ कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

विट्याच्या हौशी छायाचित्रकार मंडळातले बाकीचे तिघं गळ्यात कॅमेरे अडकवून खाली उतरले. एवढ्या लवकर निघाले होते ते त्या धुळीसाठीच. सूर्य वर येताना मेंढरं चरायला निघतात, खुरांची धूळ उडते, मागून उजेड आला की सोनं होतं; आप्पासोंनी मोबाइलवरच्या ग्रुपात हे तीन दिवस समजावलं होतं. फौजेतून सुभेदार होऊन आलेला हा माणूस लेन्स तोफेसारखी वाहायचा. "कुणाला सांगायचं न्हाई," हा त्यांचा पहिला नियम. "मानूस बेसावध असला तरच फोटो जिता."

बनाबाई नवं लुगडं नेसून पुढं आली.

"या, या. मेंढरं कालच हिरीवर धुतली बगा. पावणं फोटू काढाय येनार, मग मळकी कशी उभी करू?"

मागं काळीभोर मेंढरं धुतलेल्या घोंगड्यांसारखी फुगून उभी होती.

"तुमाला सांगितलं कुनी?"

"ह्या बाईंनी की! माज्या नातीला शिकवायच्या. काल फोन आला."

सगळ्यांनी क्रांतीबाईंकडे पाहिलं. त्यांनी लेन्सचं झाकण काढलं, परत लावलं. मंडळाच्या दिनदर्शिकेचे अकरा महिने भरले होते, एक डिसेंबर उरला होता. चार वर्षांत त्यांचा एकही फोटो लागला नव्हता, आणि निवड आप्पासोच करत.

"कुणाच्या दारात न सांगता कसं जायचं?" त्या म्हणाल्या. लोणंदच्या स्टुडिओत जायचं तर त्यांची आई शेजारणीची बोरमाळ मागून आणायची. वर्षातून एकदा निघणारा फोटो.

"बाई," मंडळातला विश्वजीत म्हणाला, "तुमी वाघाचा फोटो काढायचा झाला तर त्याला बी आदल्या दिशी फोन लावाल."

चहा-भाकरी झाली. उजेड पांढरा पडत चालला होता.

"आता ह्या समद्यांचा माज्यासंगं एक काढा," बनाबाईनं क्रांतीबाईंना सांगितलं आणि एडक्याची मान धरून उभी राहिली.

आप्पासो पाठमोरे झाले. स्वतःच्याच लेन्सच्या काळ्या काचेत त्यांनी तोंड पाहिलं, बोटं जिभेला लावली आणि टाळूवरचे चार केस चापून बसवले. मग पोट आत ओढलं. बनाबाईला ते दिसलं. ती मान मागं टाकून, तोंडभर हसली.

क्रांतीबाईंचं बोट आपोआप दाबलं गेलं.

मग सगळे ओळीत सावधान उभे राहिले आणि त्यांनी दुसरा काढला.

दुपारी घरी कॉम्प्युटरवर त्या पहिला फोटो बराच वेळ बघत बसल्या. कुठंही वाकडा न आलेला. डिसेंबर त्यात पक्का होता. ग्रुपात टाकायला हात गेला, तो त्यांनी मागं घेतला. दोन्ही फोटो एकट्या आप्पासोंना पाठवले. "कोणता टाकू?"

दहा मिनिटांनी फोन वाजला.

"बाई, पयला लय जिता हाय."

"हो."

पलीकडे खाकरल्याचा आवाज आला.

"दुसऱ्यात मी जरा बरा उभा हाय."

"मग दुसरा टाकते."

"टाका. डिसेंबरला घेतला म्हनून समजा. आनि बाई... इचारलंत, बरं केलंत."

डिसेंबरच्या पानावर तीन पुरुष, बनाबाई आणि एडका श्वास रोखून समोर बघत उभे आहेत. आप्पासोंनी दहा प्रती जास्त मागवल्या. पुढच्या सहलीच्या सूचनेत त्यांनी पहिला नियम बदलला: जायच्या आधी फोन करणे. फोन बाई करतील.

पहिल्या फोटोची एकच मोठी प्रत निघाली. ती आटपाडीच्या माळावर, बनाबाईच्या घरात, दारातून शिरल्या शिरल्या दिसेल अशी लावली आहे. क्रांतीबाईंनी ती विचारूनच दिली. बनाबाईला विचारून.