‘द’च्या कप्प्यातली दोरी

मी एक जुनी चामड्याची बॅग आहे. जुनी म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो! मी जे पाहिलंय ते तुमच्या नव्या कोऱ्या दप्तरांनी स्वप्नातसुद्धा पाहिलं नसेल. सांगते ना, जरा दम धरा.

घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिवलं. "ही फाटली तर मिशी उतरवीन," असं तो गिऱ्हाइकाला म्हणाला. त्याची मिशी शेवटपर्यंत शाबूत राहिली. ते गिऱ्हाईक म्हणजे माझ्या डॉक्टरीणबाई, गुराढोरांच्या डॉक्टर. त्यांच्याबरोबर मी किती गोठे आणि तबेले पालथे घातले, त्याची गणतीच नाही. एका बकरीने तर माझा पट्टा चघळून बघितला!

डॉक्टरीणबाईंची एक पद्धत होती. जनावर तपासताना उजवा हात त्यात गुंतलेला, डोळे जनावरावर. सामान काढायचं ते डाव्या हाताने, आणि तेही न बघता. दोरी बाहेरच्या खिशात, टॉवेल झाकणाखाली, कात्री उजव्या कोपऱ्यात. हात आला की मी वस्तू पुढे करत असे, असं म्हटलं तरी चालेल. लोक म्हणत, "बाईंच्या हाताला डोळे आहेत." तेव्हा मी फुगून टम्म व्हायची.

पण दिवस सारखे राहत नाहीत. चाकांची प्लास्टिकची पेटी आली आणि मी माळ्यावर गेले. दोन वर्षं धूळ खात पडले. कोणी साधी चौकशी केली नाही. खरं सांगते, फार वाईट वाटायचं. मग एक दिवस ती पेटी एका म्हशीच्या पायाखाली आली आणि तिचा भुगा झाला. मी हसले नाही. थोडीशी हसले.

मला खाली काढलं ते डॉक्टरीणबाईंच्या सासऱ्यांनी. ते निवृत्त ग्रंथपाल होते. पुस्तकं सुटली तसे घरात नुसते येरझाऱ्या घालायचे. सुनेच्या उपयोगी पडावं, एवढी एकच हौस त्यांना उरली होती. दोन दिवस खपून त्यांनी मला पुसलं, तेल चोळलं, आणि सगळं सामान भरलं. कसं भरलं? अहो, मुळाक्षरांप्रमाणे! बाहेरच्या खिशात आयोडीन आणि इंजेक्शनं, मग कात्री, कापूस, असं थेट हातमोज्यांपर्यंत. प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी.

"सूनबाई, इंग्रजीत ‘इक्विप’ म्हणतात ना," ते छाती काढून म्हणाले, "त्यात सगळं येतं. सामान पुरवणं, सज्ज करणं, अंगी बळ देणंसुद्धा. बघ, तसं केलंय!"

डॉक्टरीणबाई आत बघणार, तोच फोन वाजला. दूधवाल्या मावशींची गाय अडली होती. मावशींनी तिला वासरू असल्यापासून वाढवलेली; फोनवर त्यांना धड बोलताही येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मला उचललं आणि स्कूटरला किक मारली. "मीही येतो!" म्हणत सासरे, म्हणजे आमचे बाबा, मागे बसलेसुद्धा.

गोठ्याच्या दाराशी मात्र बाबांची फें फें उडाली. रक्त बघितलं की त्यांना भोवळ यायची. ते बाहेरच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आत मावशी गाईची मान धरून तिला गोंजारत होत्या. वासराचा एक पाय पुढे आला होता, दुसरा मागे मुडपला होता. डॉक्टरीणबाईंनी खांद्यापर्यंत हात घालून तो पाय कसाबसा सरळ केला. आता त्याला लगेच दोरी बांधायची. हात सुटला की पाय पुन्हा मागे, आणि गाय तर दमून गेलेली.

डावा हात माझ्या बाहेरच्या खिशात आला. निघालं आयोडीन! पुन्हा आला, निघालं इंजेक्शन! माझा जीव नुसता वरखाली होत होता. दोरी माझ्याच पोटात होती हो, पण मला तोंड कुठे आहे?

"बाबा! दोरी कुठाय?"

"द! थर्मामीटरच्या पुढे!" बाहेरून आवाज आला.

"बाबा, मला चिठ्ठ्या वाचता येत नाहीत आत्ता! तुम्ही या!"

"अगं, मला ते रक्त..."

"माझा हात सुटतोय, बाबा!"

आणि मित्रांनो, बाबा आले! चेहरा पांढराफटक, पण आले. एका झटक्यात दोरी काढून सुनेच्या हातात दिली. फास बसला. "ओढा, मीही ओढते! गाय जोर करेल तेव्हाच!" ग्रंथपालांनी जन्मात पहिल्यांदा दोरी ओढली. एकदा, दोनदा, आणि धपकन वासरू बाहेर!

पण ते हलेना. मावशींनी तोंडाला पदर लावला. "टॉवेल!" म्हणायच्या आत बाबांनी तो काढला आणि गुडघ्यांवर बसून वासराला खसाखसा चोळायला लागले. "श्वास घे रे बाळा, घे!" वासरू जोरात शिंकलं, थेट बाबांच्या चष्म्यावर! गाय हंबरली, मावशी रडता रडता हसल्या, आणि मी? मी आनंदाने उलटीपालटी व्हायची तेवढी राहिले!

हात धुऊन आल्यावर डॉक्टरीणबाई बाबांजवळ ओट्यावर बसल्या. बाबांची मान खाली होती. "चुकलंच माझं," ते म्हणाले. "मी माझ्या सोयीने लावलं. तुला विचारलंच नाही."

"आज तुम्ही आत आलात, ते विसरू नका," सून म्हणाली.

बाबांनी सगळ्या चिठ्ठ्या उपटल्या आणि मला सुनेच्या पुढ्यात रिकामी ठेवली. "डोळे मिट. आता दोरी हवी आहे असं समज, आणि हात घाल." जिथे तिचा हात गेला, तिथे त्यांनी दोरी ठेवली. "आता टॉवेल." असं करत करत त्यांनी मला पुन्हा भरलं.

म्हणून सांगते, मित्रांनो, कोणाला मदत करायची हौस असेल तर आधी त्याचा हात कुठे जातो ते बघा. आणि जुन्या वस्तूंना माळ्यावर टाकू नका, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. चला, पळते आता. एक घोडी लंगडतेय म्हणे, आणि बाबा माझ्याआधी स्कूटरवर बसलेत!