हिरोची अक्का

आमच्या यांनी साठाव्या वर्षी भुताच्या पिक्चरमध्ये हिरो व्हायचं ठरवलं आणि त्यासाठी मला स्वतःची थोरली बहीण करून टाकलं. पिक्चरमध्ये नव्हे, चारचौघांत.

नीटच सांगते. गोष्ट नव्व्याण्णव सालच्या एप्रिलमधली. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेली माणसं संध्याकाळी आमच्या इथल्या नदीवर, गंगेवर, फिरायला जातात, नातवंडं खेळवतात. हे आरशासमोर बसायला लागले. दर रविवारी कलप, रोज ताकाने तोंड धुणं, आणि बसमध्ये कुणी उठून जागा दिली की त्या दिवशी जेवण कमी. म्हातारचळ म्हणतात तो हाच, असं मी तोंडावर म्हणायची. त्यांना ते ऐकू जायचं नाही. कानाचं मशीन आणलेलं होतं, पण ते लावलं तर वय दिसतं.

आमच्या सिडको कॉलनीत दीपक नावाचा मुलगा लग्नांचे व्हिडिओ काढायचा. त्याला पिक्चर काढायचा होता आणि यांचे फंडाचे पैसे बँकेत पडून होते, त्यामुळे हिरो कोण हा प्रश्नच आला नाही. पिक्चरची गोष्ट अशी: एक माणूस मळ्यातल्या विहिरीचं मंतरलेलं पाणी पितो आणि पंचविशीतच थांबतो. बायको मात्र म्हातारी होत जाते. तिची लाज वाटून तो तिला विहिरीत ढकलतो आणि कॉलेजातल्या पोरीशी लग्न करायला निघतो. मग बायकोचं भूत येतं. ऐकून मी म्हटलं, यातलं भूत नक्की कोणतं ते मला कळलं नाही.

शूटिंग निफाडजवळ, यांच्या मित्राच्या द्राक्षमळ्यात होतं. पहिल्या दिवशी मी सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी घेऊन गेले. हिरॉइन तृप्ती, वीस वर्षांची, चांगली मुलगी. तालमीत तिने यांना एकदा चुकून काका म्हटलं होतं आणि हे दोन दिवस घरात कुणाशी बोलले नव्हते. तिने विचारलं, या कोण. हे केसांवरून हात फिरवत म्हणाले, "ही आमची अक्का. थोरली बहीण."

मी पिठल्याचं पातेलं धरून तशीच उभी राहिले. मंगळसूत्राकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, बहिणींनाही नवरे असतातच. तिथेच भांडले असते, पण रडू आलं असतं.

घरी आल्यावर जाब विचारला. पिक्चर पूर्ण होईपर्यंतच, असं म्हणाले. हिरोची बायको पांढऱ्या केसांची निघाली तर पोरं हसतील म्हणे. मला फार लागलं ते. माझे केस यांच्याच घरात पांढरे झाले होते.

तरी मी रोज जात राहिले, कारण यांना उन्हात बाहेरचं खाल्लं की पित्त होतं. अक्का, चहा. अक्का, मीठ कमी आहे. सगळं युनिट मला अक्का म्हणायला लागलं, आणि एकदा तर यांच्याही तोंडून सहज निघून गेलं. त्या दिवशी मी भाजीत मीठच घातलं नाही.

शेवटच्या दिवशी भूत होणारी बाई आलीच नाही. सटाण्याहून येणार होती, तिला ऊन बाधलं. दीपकने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर माझ्या डोक्यावर येऊन थांबली.

"अक्का, तुम्ही यांच्या बायकोचं भूत व्हाल का? मेकअपही लागणार नाही."

हे घाईघाईने म्हणाले की अक्काला जमणार नाही. म्हणून मी हो म्हटलं.

सीन रात्रीचा होता, पण शूटिंग भर दुपारी. नंतर चित्र निळं करून रात्र दाखवू, असं दीपक म्हणाला. हिरो तृप्तीच्या गळ्यात हार घालणार, तेवढ्यात मी पांढऱ्या पातळात विहिरीमागून यायचं आणि "मी आलेय" म्हणायचं, एवढंच काम. उन्हाने यांच्या कपाळावर कलपाचा काळा ओघळ उतरायला लागला होता. मी पुढे गेले. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला ते वाक्य म्हणवेना. आलेय काय, मी गेले कुठे होते? मग मी आवाज चढवला आणि जे तोंडात आलं ते म्हटलं:

"केसांना लावला कलप, गालांना लावली लाली,
धनराजरावांच्या संसाराला छत्तीस वर्षं झाली."

दीपक पडला लग्नांचे व्हिडिओ काढणारा. उखाणा ऐकला की त्याचा कॅमेरा आपोआप नवरदेवाच्या तोंडाकडे वळतो, तसा तो वळला. युनिटच्या पोरांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. यांचा हार हातातच राहिला होता आणि हे दोन पावलं मागे सरले होते. कानाला मशीन नव्हतं, तरी शब्दन् शब्द ऐकू गेला होता.

टाळ्या थांबल्यावर तृप्ती हळूच म्हणाली, "पण अक्का, उखाण्यात भावाचं नाव?"

तेवढ्यात तो ओघळ यांच्या डोळ्यात गेला आणि हे कळवळले. मी विचार न करता पदराने डोळा पुसला, जसा आजवर पुसत आले तसाच. पांढऱ्या पदरावर काळा पट्टा उमटला. यांनी चाचपडत माझा हात धरला.

"अक्का नाही ती," डोळे मिटूनच हे म्हणाले. "माझी बायको आहे. यशोदा."

लग्नात जेवणाच्या पंगतीत घेतलं होतं, त्यानंतर चारचौघांत त्यांनी माझं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं आणि या वेळी मी ते आवरलं नाही. कॅमेरा चालूच होता.

दिवाळीत पिक्चर आमच्या केबलवर लागला. घाबरलं कुणीच नाही, कारण मिक्सिंग करणाऱ्या पोराने नेमक्या त्या शॉटवर लग्नाच्या व्हिडिओंच्या सवयीने गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या होत्या. पण हिरोने घाबरण्याचं काम मात्र झकास केलं, असं सगळी कॉलनी म्हणते. कुठे शिकलात, असं कुणी विचारलं की हे माझ्याकडे बोट दाखवतात.

कलप अजून चालूच आहे. डोक्याचा मागचा भाग त्यांना आरशात दिसत नाही, तेवढा मी लावून देते.