मित्राला पाठवा

मित्रांनो, मी वेबसाइटवरचे एक जुने बटण आहे आणि मला गेल्याच महिन्यात काढून टाकण्यात आले. सभेत ठराव झाला, टाळ्या पडल्या, भजी आली. आता हे झालेच नाही असे समजा. भजी संपल्यावर मंडळानेही तसेच समजले; मी अजून जागच्या जागी आहे.

पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. तिच्या मुंबईकर मंडळाने २००३ साली वेबसाइट काढली. मंडळातल्या किरणने मला तिच्यावर बसवले आणि माझ्या अंगावर लिहिले, 'मित्राला पाठवा'. पालखीचे फोटो मी पार मस्कतपर्यंत पोचवले. कौतुक फार झाले. मी एवढेच विचारत असे : तुमचे नाव, मित्राचा ईमेल, निरोप. 'तुम्ही खरेच तेच का?' हे विचारायला मला कोणी शिकवले नाही. पत्रावर पत्ता मात्र आपोआप मंडळाचा पडे. शिक्का मंडळाचा, तोंड कोणाचेही.

पुढे एका चोराने वेबसाइट नीट वाचली. ती नीट वाचणारा तो पहिलाच. सभासदांचे ईमेलही तिथेच होते. त्याने नावाच्या चौकटीत आमच्या गावकराचे, म्हणजे गावकीच्या प्रमुखाचे, हैबतीकाकांचे नाव घातले आणि सभासदांपैकी दीपकला निरोप धाडला : 'गावकीचा हुकूम. खालच्या दुव्यावर बँकेचा पासवर्ड भरावा, नाहीतर शिमग्याला पालखी दारात थांबणार नाही.'

बँकेला नाही म्हणणारे आमच्याकडे पुष्कळ. गावकीला नाही म्हणणारा अजून जन्मायचा आहे. दीपकने पासवर्ड भरला. बहिणीच्या, अनुपमाच्या, नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे त्याच खात्यात होते. 'होते' हा शब्द मी विचार करून वापरला आहे.

दीपक काकांना महाडच्या सायबर कॅफेत घेऊन आला.

"काका, पासवर्ड तुम्ही मागितलात?"

"पासवर्ड? आपल्या वाडीत नाय रे असला कोन."

"खाली नाव तुमचंच हाय."

काकांनी जन्मात बटण दाबले ते बॅटरीचे. ते माझ्याकडे बघत राहिले.

"नाव माजं हाय ना? मंग गावकी मलाच धरंल."

धरलेच. गावकीत ज्याच्या नावाने निरोप, त्याचाच शब्द.

पुढच्या शिमग्याचा फोटो माझ्याच शेजारी चढवला. पालखीखाली काकांचा खांदा नाही. ते मागे, दुसऱ्याच्या अंगणाच्या कडेला, टोपी हातात घेऊन उभे आहेत. अनुपमा महाडच्या एका दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारते.

मित्रांनो, पत्रावर नाव दिसले म्हणून माणूस ओळखू नका. आधी त्याला विचारा.

तरी, माननीय चोर महोदयांस नम्र विनंती, की यापुढे 'तुमचे नाव' या चौकटीत त्यांनी स्वतःचेच नाव भरावे, आणि हैबतीकाकांना खांद्याचा मान परत मिळावा म्हणून एकवार गावकीसमोर जातीने हजर राहावे. येताना ओळखपत्र आणावे.

कळावे,
आपला विश्वासू
(नाव कोणाचेही घालावे. मी विचारत नाही.)